पक्षी खाणारा कोळी आणि दीडशे वर्षांचा अविश्वास

१/
१७०५ साली ॲमस्टरडॅममध्ये एक भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या अठराव्या चित्रफलकावर पेरूची फांदी आहे. फांदीवर मुंग्यांची धावपळ चालली आहे. खालच्या बाजूस एक केसाळ कोळी असून त्याच्या पायांखाली इवलासा हमिंगबर्ड उताणा पडला आहे. शेजारीच त्या पक्ष्याचे अंड्यांसह घरटे आहे. कोळी पक्षी मारून खातो, असे हे चित्र सांगत होते. युरोपातील अनेक विद्वानांनी पुढे ते थोतांड ठरवले. हा थ्रेड त्या चित्राविषयी, ते काढणाऱ्या स्त्रीविषयी आणि संदर्भग्रंथात कोणाच्या शब्दाला प्रमाण मानले जाते, याविषयी आहे.

२/
ग्रंथकर्तीचे नाव मारिया सिबिला मेरियन. जन्म २ एप्रिल १६४७, फ्रँकफर्ट. वडील माथेउस मेरियन हे नामांकित नकाशाकार, उत्कीर्णक आणि प्रकाशक होते. ती तीन वर्षांची असतानाच ते वारले. आईने दुसरा विवाह केला तो याकोब मारेल या पुष्पचित्रकाराशी. चित्रकलेचे धडे तिला या सावत्र वडिलांच्या कार्यशाळेतच मिळाले. जलरंग कालवणे, फुलाच्या पाकळीवरची छटा अचूक टिपणे, तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरणे हे सारे ती घरातच शिकली. विद्यापीठाची दारे मात्र त्या काळी स्त्रियांना बंद होती.

३/
त्या काळी कीटकांविषयीचे ज्ञान कितपत होते, हे लक्षात घेतल्याशिवाय तिच्या कामाचे मोल कळत नाही. किडे चिखलातून, सडलेल्या मांसातून किंवा कुजक्या पाल्यातून आपोआप उपजतात, ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत अजून दृढ होती. ‘कीटक’ या शब्दाची व्याप्तीही सैल होती. आठ पायांचा कोळी आणि सहा पायांचे फुलपाखरू यांना एकाच पंक्तीत बसवले जाई. अंडी, सुरवंट, कोष आणि फुलपाखरू ही एकाच जीवाची रूपे आहेत, हे बहुसंख्य लोकांना ठाऊक नव्हते.

४/
थॉमस मॉफेट या इंग्रज वैद्याचा कीटकांवरील लॅटिन ग्रंथ १६३४ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये छापलेल्या कीटकविषयक ग्रंथांतील हा आरंभीचा ग्रंथ. त्यात लाकडी ठशांवरून छापलेली शेकडो चित्रे होती. पण त्यांतील किडे पानाच्या कडेला सुटे छापलेले दिसतात. त्यांचे खाणे, वाढणे आणि राहणे या चित्रांत नव्हते. १६६८ साली इटलीत फ्रांचेस्को रेदी याने मांसाची काही भांडी उघडी आणि काही झाकलेली ठेवून प्रयोग केला आणि माशी बसली तरच मांसात अळ्या होतात, हे दाखवून दिले. जुन्या समजुतीला बसलेला हा मोठा धक्का होता.

५/
मेरियनने निरीक्षणाला आरंभ केला तो त्याहीपूर्वी, १६६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी. सुरुवात रेशमाच्या किड्यांपासून झाली. पुढे तिने घराभोवतीचे, बागेतले आणि कुंपणावरचे सुरवंट आणून पाळले. कोणता सुरवंट कोणते पान खातो, कात केव्हा टाकतो, कोष केव्हा विणतो, त्यातून बाहेर काय येते, याची टिपणे ती ठेवत गेली. १६६५ साली योहान आंद्रेआस ग्राफ या चित्रकाराशी तिचा विवाह झाला. पुढे न्यूरेम्बर्गमध्ये दोन मुलींचा संसार सांभाळत, मुलींना चित्रकला शिकवून अर्थार्जन करीत हे काम अखंड चालू राहिले.

६/
१६७९ साली तिचा सुरवंटांवरील ग्रंथ आला. १६८३ साली दुसरा भाग. प्रत्येक भागात ५० चित्रफलक. मांडणी अशी की, मध्यभागी एखादी वनस्पती आणि तिच्याच पानाफुलांवर अंडी, सुरवंट, कोष आणि पंख फुटलेला कीटक. एका पानावर एक अख्खा जीवनक्रम आणि त्या जीवाचे अन्नही. ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हता, जर्मनमध्ये होता. त्यामुळे विद्यापीठाबाहेरच्या वाचकालाही तो खुला होता. कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी माश्याच बाहेर पडत. तिने तेही नोंदवले. आज या परजीवी कीटकांचे स्वतंत्र शास्त्र आहे.

७/
१६८५ च्या सुमारास तिच्या आयुष्याने वळण घेतले. पतीचे घर सोडून, आई आणि दोन्ही मुलींसह ती नेदरलँड्समधील फ्रीसलंड प्रांतात लाबादी पंथाच्या वसाहतीत राहायला गेली. वसाहत ज्या वाड्यात होती, तो सॉमेल्सडाइक घराण्याचा. आणि याच घराण्यातील कॉर्नेलिस सुरिनामचा गव्हर्नर होता. १६९१ साली ती मुलींसह ॲमस्टरडॅमला आली. जगभरच्या मालाने भरलेल्या या बंदरात श्रीमंतांच्या संग्रहालयांत दूरदेशीचे किडे मांडलेले असत. तिला मात्र ते अपुरे वाटले. किडे मेलेले होते. ते कशातून जन्मले आणि काय खात होते, याचे उत्तर त्या कपाटांत नव्हते.

८/
उत्तर शोधायला तिने स्वतःच जायचे ठरवले. आपली चित्रे विकून पैसा उभा केला, मृत्युपत्र केले आणि जून १६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, धाकटी मुलगी डोरोथेआ मारिया हिला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला जाणाऱ्या जहाजावर चढली. कोणा राजाने किंवा विद्वत्सभेने तिला पाठवले नव्हते. केवळ निसर्गाच्या अभ्यासासाठी एखाद्या स्त्रीने स्वतःच्या बळावर एवढा प्रवास करणे त्या काळी जवळपास अश्रुतपूर्व होते.

९/
हे सुरिनाम डचांकडे कसे आले? दुसऱ्या इंग्रज-डच युद्धानंतर १६६७ साली ब्रेडाचा तह झाला. त्यानुसार सुरिनाम डचांकडे राहिले आणि आजचे न्यूयॉर्क इंग्रजांकडे. त्या वेळी डचांना हा सौदा तोट्याचा वाटला नाही, कारण सुरिनाममध्ये ऊस पिकत होता. ऊस पिकवण्यासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणली जात होती. साखरेखेरीज दुसरे काही शोधणाऱ्या या बाईची मळेवाले थट्टा करीत, असे मेरियनने स्वतःच लिहून ठेवले आहे. गुलामांशी मळेवाल्यांचे वर्तन किती क्रूर होते, हेही तिने नोंदवले.

१०/
पारामारिबो शहरात राहून ती आसपासच्या रानात आणि मळ्यांवर जाई. उष्मा असह्य, रान इतके दाट की कुऱ्हाडीने वाट काढावी लागे. ती वाट काढणारे गुलाम होते आणि ते तिच्यासाठी राबत होते, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. अळ्या आणून देणारे, झाडांची स्थानिक नावे सांगणारे, कोणते मूळ औषधी आणि कोणते फळ विषारी हे दाखवणारे लोक आफ्रिकी होते आणि तेथील मूलनिवासीही होते. अनेक ठिकाणी मेरियन त्यांच्याकडून माहिती मिळाल्याचे सांगते. नाव मात्र एकाचेही देत नाही.

११/
या ग्रंथातील सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद किड्याविषयी नाही. ती पंचेचाळिसाव्या फलकावरील झुडपाविषयी आहे. लाल-पिवळ्या फुलांचे हे झुडूप महाराष्ट्रात घरोघरी शंकासूर म्हणून ओळखले जाते. आपले मूल गुलामगिरीत जन्मू नये म्हणून गुलाम स्त्रिया या झुडपाच्या बिया गर्भपातासाठी वापरतात, असे मेरियन लिहिते. मरणानंतर आपण आपल्या देशात मुक्त माणसे म्हणून पुन्हा जन्मू, अशा श्रद्धेने काहीजण जीवही देतात, असे तिने पुढे नोंदवले. हे त्या स्त्रियांनी स्वतः आपल्याला सांगितले, असेही ती स्पष्ट करते. सुरवंटाचे अन्न म्हणून रेखाटलेल्या झुडपाशेजारी गुलामगिरीची अशी साक्ष आहे.

१२/
आजारपणामुळे १७०१ साली तिला परतावे लागले. बरोबर चर्मपत्रावरची चित्रे, मद्यात बुडवून टिकवलेले प्राणी आणि एक मूलनिवासी स्त्री होती. या स्त्रीचेही नाव ग्रंथात नाही. पुढे चार वर्षे चित्रे पूर्ण करणे, उत्कीर्णकांकडून तांब्याच्या पत्र्यांवर ती कोरून घेणे आणि आगाऊ वर्गणीदार मिळवणे, यांत गेली. ॲमस्टरडॅमच्या वनस्पतिशास्त्रज्ञ कास्पर कॉमेलिन याने वनस्पतींविषयी टिपणे जोडली. १७०५ मध्ये ६० फलकांचा ग्रंथ डच आणि लॅटिन या दोन भाषांत बाहेर पडला.

१३/
आता पुन्हा अठराव्या फलकाकडे वळू. १७५८ साली कार्ल लिनिअसने या कोळ्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा मेरियनच्या चित्राचा आधार घेतला आणि नावात ‘पक्षी’ या अर्थाचा लॅटिन शब्द योजला. आज तो ‘ॲव्हिक्युलॅरिया ॲव्हिक्युलॅरिया’ म्हणून ओळखला जातो. तिची इतरही अनेक चित्रे लिनिअसने संदर्भासाठी वापरली. म्हणजे सुरिनाम न पाहिलेल्या युरोपच्या दृष्टीने हा ग्रंथ तेथल्या जीवसृष्टीचा साक्षीदारच होता. पुढच्या शतकात या साक्षीवर शंका घेतली जाऊ लागली.

१४/
१८३४ साली लॅन्सडाउन गिल्डिंग या पाद्री-निसर्गअभ्यासकाची मेरियनवरील टीका छापून आली. तो सेंट व्हिन्सेंट बेटावर राहिला होता. सुरिनाम त्याने पाहिले नव्हते. त्याच्यासमोर होती ती मेरियनच्या मृत्यूनंतर निघालेली आवृत्ती. अशा आवृत्त्यांमध्ये प्रकाशकांनी फलकांची भर घातली होती आणि त्यांतील सारेच तिचे नव्हते. तरी दोष सरसकट तिच्या माथी आला. त्याच सुमारास विल्यम शार्प मॅकले याने क्युबातील निरीक्षणावरून पक्षीभक्षक कोळी ही कल्पनाच फेटाळली. क्युबातला तो कोळी जमिनीत बिळे करून राहणारा होता. मेरियनने रेखाटलेला कोळी झाडावर राहतो.

१५/
१८६३ साली हेन्री वॉल्टर बेट्स याचे ॲमेझॉनवरील प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. अकरा वर्षे त्या खोऱ्यात काढलेल्या बेट्सने कामेता येथे झाडाच्या खोडावरील फटीत एक मोठा कोळी पाहिला होता. जाळ्यात चिमणीएवढे दोन पक्षी अडकलेले होते. एक मेलेला, दुसरा शेवटचे श्वास घेत असलेला. मेरियनचे जुने विधान अविश्वासार्ह ठरले होते, याची आठवण देऊन बेट्सने आपले निरीक्षण मांडले. मॅकले यानेही त्यापूर्वीच, ऑस्ट्रेलियात कोळ्याला पक्षी खाताना पाहून, आपले मत मागे घेतले होते.

१६/
याचा अर्थ मेरियन सर्वत्र अचूक होती, असा नव्हे. हमिंगबर्ड सहसा दोनच अंडी घालतो. चित्रातील घरट्यात चार आहेत. पाने कातरणाऱ्या मुंग्या आणि झुंडीने शिकार करणाऱ्या मुंग्या यांचे वर्तन तिने एकत्र केले. ‘लँटर्नफ्लाय’ नावाच्या कीटकाचे डोके रात्री प्रकाशते, असे तिने लिहिले. त्याला पुढे पुष्टी मिळाली नाही. हे कोळीही मुख्यतः कीटकांवरच जगतात. पक्षी त्यांच्या तावडीत क्वचितच सापडतो. या चुका दाखवणे योग्यच होते. परंतु एखादी चूक दाखवून देणे वेगळे आणि त्या चुकीच्या आधारे सगळी साक्षच रद्द करणे वेगळे.

१७/
मेरियन १३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅममध्ये वारली. तिची चित्रे रशियाच्या पीटर द ग्रेटसाठी विकत घेतली गेली. धाकटी मुलगी पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये स्थायिक झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीच्या ५०० मार्कांच्या नोटेवर मेरियनची प्रतिमा आली. तिच्यावरचा अन्याय, उशिरा का होईना, दूर झाला. परंतु तिला सुरवंट आणून देणाऱ्या, वाट काढणाऱ्या आणि शंकासुराचे गुपित सांगणाऱ्या माणसांची नावे कोणत्याच नोटेवर येणार नाहीत, कारण ती कधी लिहिलीच गेली नाहीत.

१८/
कीटकांचा कोणताही सचित्र मार्गदर्शक उघडला की नाव, चित्र, अधिवास आणि खाद्य एका पानावर नीटनेटके मांडलेले दिसते. ही मांडणी रूढ करण्यात मेरियनचा वाटा मोठा आहे. त्या पानावर न दिसणारी गोष्ट म्हणजे, हे प्रथम कोणी पाहिले, कोणाला सांगितले आणि कोणाचे म्हणणे ग्राह्य धरले गेले. तीनशे वर्षांपूर्वी मेरियनला ऐकले गेले, मग नाकारले गेले, मग पुन्हा स्वीकारले गेले. तिला सांगणाऱ्यांच्या वाट्याला नाकारले जाणेही आले नाही. ते तिच्या वाक्यांत ‘गुलाम’ आणि ‘इंडियन’ एवढ्याच ओळखीने उरले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अठरावा फलक पाहताना पंचेचाळिसावाही उघडावा, तो यासाठी.