साखर चवीसाठी नसते!

ओआरएसमध्ये साखर कशाला? मला वाटायचं, चवीसाठी. बीटेक होऊनही!

तर मंडळी, कॉलऱ्यात आतड्याच्या पेशी क्षार बाहेर सोडतात आणि ऑस्मोसिसमुळे त्यामागे पाणीही वाहून जातं. पण एक दार उघडंच राहतं. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने पेशीत शिरतात, मग त्याच ऑस्मोसिसने पाणी आत येतं.

१९७१. पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित, बनगावचं हॉस्पिटल, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज, खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पेशंटना पाजायला दिलं. पाकिटं गरम इस्त्रीने बंद केलेली! पाजायला बसले नातेवाईकच. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. हे पाणी प्यायलेल्यांमध्ये ते ३.६ टक्क्यांवर आलं.