तोळ्याची कुळकथा

सोन्याच्या व्यवहारात महाराष्ट्रातील घराघरांत आजही ज्या मापाने बोलले जाते, तो तोळा कायद्याने साठच्या दशकाच्या आरंभीच बाद केला आहे. तरीही त्याचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे, कारण तराजूच्या एका पारड्यात सोने ठेवल्यावर दुसऱ्या पारड्यात असे काय ठेवावे, की ज्यावर घेणारा आणि देणारा दोघांचाही सारखाच विश्वास बसेल, या प्रश्नाची भारतीय समाजाने दिलेली सगळी उत्तरे त्यात एकामागून एक आढळतात.

पहिले उत्तर वनस्पतीने दिले. गुंज ही कुंपणांवर आणि रानात वाढणारी वेल असून तिच्या शेंगेतील तांबडीभडक, एका टोकाला काळा डाग असलेली बी सोनारांनी लहानात लहान वजन म्हणून स्वीकारली. मनुस्मृतीत ही बी ‘कृष्णल’ या नावाने येते आणि तेथे पाच कृष्णलांचा माष व सोळा माषांचा सुवर्ण असे कोष्टक दिलेले आहे. पुढे महाराष्ट्रात रूढ झालेले कोष्टक मात्र आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा असे, म्हणजे तोळ्याला 96 गुंजांचे होते. या बीचे कवच इतके टणक असते, की हवेतील ओलावा तिच्यात सहजी शिरत नाही. वजन म्हणून तिची निवड किती विचारपूर्वक झाली होती, हे यावरून ध्यानात येते. अर्थात कोणत्याही दोन बिया तंतोतंत सारख्या भरत नाहीत, आणि पुष्कळ बिया एकत्र घेतल्याने त्यांतील कमीजास्तपणा बराचसा मिटत असला, तरी वेलीवेलींतील फरक उरतोच.

दुसरे उत्तर टांकसाळीतून आले. अकबराच्या काळी चांदीचा रुपया साडेअकरा माशांचा, म्हणजे तोळ्याला अर्धा मासा कमी होता. ईस्ट इंडिया कंपनीने 1833 मध्ये तोळा 180 ग्रेनचा ठरवला आणि 1835 च्या नाणेकायद्याने रुपयाचे वजनही तेवढेच झाले. ग्रेन हे धान्याच्या दाण्यावर बेतलेले जुने इंग्रजी माप असून त्या हिशेबाने तोळा 11.6638 ग्रॅम भरतो. त्यामुळे खिशातला रुपया हेच वजन बनले आणि ‘रुपयाभार’ हे माप सर्वांच्या तोंडी बसले. 80 तोळ्यांचा शेर आणि 40 शेरांचा मण ही बांधणीही याच पायावर उभी राहिली. प्रत्यक्षात मात्र मुंबईचा मण 28 पौंडांचा आणि बंगालचा 82 पौंडांहून थोडा अधिक, अशी तफावत दीर्घकाळ टिकली. एकाच नावाखाली जवळजवळ तिपटीचा फरक असताना दूरच्या बाजारात माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याची किती कुचंबणा होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. शिवाय नाणे हातोहाती झिजते, आणि झिजलेला रुपया पारड्यात टाकला की घेणाऱ्याच्या पदरात कमी माल पडतो.

येथे वस्तुमान आणि वजन यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. वस्तुमान म्हणजे पदार्थात असलेल्या द्रव्याचे प्रमाण, जे कोठेही नेले तरी बदलत नाही. वजन म्हणजे त्या द्रव्यावर पृथ्वी लावत असलेले ओढीचे बल, जे स्थळानुसार बदलते. दोन पारड्यांच्या तराजूत दोन्ही बाजूंवर तीच ओढ असल्याने ती आपोआप वजा होते आणि तुलना केवळ वस्तुमानांची होते. स्प्रिंगचा काटा मात्र बल मोजतो. विषुववृत्तापेक्षा ध्रुवावर गुरुत्वाकर्षण सुमारे अर्ध्या टक्क्याने अधिक असल्यामुळे, विषुववृत्तावर अचूक लावलेला स्प्रिंगकाटा ध्रुवावर एक तोळा सोने सुमारे अर्ध्या गुंजेने जास्त दाखवील. सराफाचा पारडीवाला काटा हा दोष जाणतच नाही, आणि म्हणून तोळा हे बोलण्यात वजन असले तरी शास्त्रदृष्ट्या प्रथमपासून वस्तुमानाचेच एकक आहे. आजचा इलेक्ट्रॉनिक काटाही बलच मोजतो. त्यामुळे तो जेथे वापरायचा, तेथेच प्रमाणित वजन ठेवून जुळवून घ्यावा लागतो.

तिसरे उत्तर धातूच्या दंडगोलाचे होते. स्वतंत्र भारताने 1956 च्या कायद्याने किलोग्रॅम स्वीकारला आणि ऑक्टोबर 1958 पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आणली. पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या मूळ किलोग्रॅमची 57 क्रमांकाची प्रतिकृती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. परंतु शतकभराच्या काळात मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रतिकृती यांत सुमारे 50 मायक्रोग्रॅमचे अंतर पडल्याचे आढळले, आणि 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर आधारण्यात आली. कोणत्याही वस्तूवर विसंबून न राहणारे हे पहिलेच उत्तर होय.

तोळा मात्र लोकव्यवहारात टिकला, पण त्याचे मान बदलले. सोन्याचा भाव 10 ग्रॅमला सांगण्याची रीत पडल्याने आज महाराष्ट्रात तोळा म्हणजे 10 ग्रॅम असेच बहुतेक जण धरतात, तर दहा तोळ्यांच्या सोन्याच्या लगडी अजूनही जुन्या मानानुसार 116.64 ग्रॅमच्याच घडवल्या जातात. त्यामुळे इंग्रजी अमलातील स्त्रीधनाच्या यादीत किंवा वाटणीपत्रात पाच तोळ्यांची पाटली नोंदलेली असेल, तर ती 50 नव्हे, 58.32 ग्रॅमची समजावी लागते.