उसना मापदंड : मधुसूदन दत्तांच्या वाटचालीसंबंधी

स्वतःच्या सामर्थ्याविषयी माणसाची फसगत होते, तिचे कारण अहंकारात किंवा अज्ञानात शोधण्याचा प्रघात आहे. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातील डनिंग आणि क्रुगर यांनी असे प्रतिपादन केले की, ज्याला एखादी विद्या अवगत नसते त्याला ती पारखण्याची दृष्टीही नसते. अल्पज्ञांपुरते हे स्पष्टीकरण ग्राह्य मानले, तरी ज्यांची प्रतिभा निःसंशय होती अशा साहित्यिकांनीही आपल्याविषयी चुकीचे अंदाज का बांधले, हा प्रश्न उरतोच. मायकेल मधुसूदन दत्त यांचे चरित्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

१८२४ साली जन्मलेल्या मधुसूदनांनी कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकत असतानाच इंग्रजी कवी होण्याची महत्त्वाकांक्षा धरली आणि विलायतेतील नियतकालिकांकडे कविता धाडल्या. १८४९ साली मद्रासेत त्यांचे 'द कॅप्टिव्ह लेडी' हे काव्य प्रसिद्ध झाले. त्याची प्रत पाहून बेथून यांनी सल्ला दिला की, इंग्रजीच्या अभ्यासाने लाभलेली रुची आणि गुण कवीने मातृभाषेच्या उत्कर्षासाठी वेचावेत. मधुसूदनांना तो पटला असावा; कारण त्याच वर्षीच्या एका पत्रात संस्कृत, तेलुगू, हिब्रू, ग्रीक, लॅटिन अशा भाषांचा आपला नित्याभ्यास सांगून, ही पूर्वजांच्या भाषेला भूषविण्याचीच तयारी नव्हे काय, असे ते मित्राला विचारतात. तथापि पुढे सुमारे दहा वर्षे बंगालीत त्यांच्या हातून उल्लेखनीय असे काही निर्माण झाले नाही. सल्ला पटणे आणि स्वतःची शक्ती ओळखणे या दोन भिन्न गोष्टी होत.

ती ओळख पटली ती एका भाषांतराच्या निमित्ताने. १८५८ साली बेलगाछियाच्या रंगभूमीवर 'रत्नावली'चा बंगाली प्रयोग व्हावयाचा होता. युरोपीय प्रेक्षकांसाठी त्याचे इंग्रजी भाषांतर करण्याचे काम मधुसूदनांकडे आले. मूळ संहितेतील उणिवा भाषांतरकाराला जितक्या जवळून दिसतात तितक्या क्वचितच कोणाला दिसत असतील. याहून सरस नाटक आपण लिहू, असे म्हणून त्यांनी १८५९ साली 'शर्मिष्ठा' सिद्ध केले. बंगालीत निर्यमक छंद संभवत नाही, या जतींद्रमोहन ठाकुरांच्या शंकेला त्यांनी १८६० साली 'तिलोत्तमासंभव' लिहून उत्तर दिले. आणि १८६१ साली नऊ सर्गांचे 'मेघनादवध' अवतरले.

या घटनाक्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या ठायी महाकवीचे सामर्थ्य आहे, हा मधुसूदनांचा अंदाज चुकीचा नव्हता. चुकले ते त्या सामर्थ्याचे स्थान. ज्या वाचकवर्गाची मान्यता त्यांना हवी होती, त्याचाच मापदंड त्यांनी स्वतःला लावला होता. पेत्रार्कचेही असेच झाले. १३४१ साली रोममध्ये त्याला कविमुकुट मिळाला. कीर्तीची भिस्त त्याने 'आफ्रिका' या लॅटिन महाकाव्यावर ठेवली होती आणि आपल्या इटालियन कवितांना तो क्षुल्लक म्हणत असे. 'आफ्रिका' अपुरेच राहिले. मात्र त्या क्षुल्लक कवितांवरून तो १३७४ साली मृत्यू येईपर्यंत पुनःपुन्हा हात फिरवीत होता. त्याच्या मताला जे उमगले नव्हते, ते त्याच्या हाताला उमगले होते, असेच म्हणावे लागते.

तरीही उसना मापदंड सर्वस्वी निष्फळ ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मिल्टनच्या दीर्घ सहवासावाचून मधुसूदनांना पयाराची चरणान्ती थांबणारी चाल मोडून अर्थ पुढच्या चरणात वाहता ठेवण्याचे सुचले असते, हे संभवनीय वाटत नाही. परंतु एका क्षेत्रात पटलेली ओळख दुसऱ्या क्षेत्रात उपयोगी पडतेच असे नाही. १८६२ साली ते कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले. बॅरिस्टरीतून वैभव मिळेल ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. फ्रान्समधील हलाखीत विद्यासागरांच्या साहाय्यावर त्यांना विसंबावे लागले, आणि १८७३ साली ऋणग्रस्त अवस्थेतच त्यांचा अंत झाला.

म्हणून लेखकाने आत्मचिंतनातून आपली योग्यता ठरवावी, ही अपेक्षा मला अपुरी वाटते. मधुसूदनांना ती एकांतात कळली नाही. समोर आलेल्या कामात आणि जाणत्या मित्रांच्या शंकेत कळली. इंग्रजीच्या मान्यतेकडे डोळे लावून बसलेला लेखक भारताच्या प्रत्येक भाषेत आजही आढळतो. त्याच्या कृतीला तिच्या स्वतःच्या भाषेचे माप लावून दाखविणे, हे टीकाकाराचे कर्तव्य होय.