किल्ली कोणाच्या हाती

आधी एक अट. तुम्ही पुरुष असलात तरी या प्रवासापुरत्या तुम्ही बाई आहात. दारात अडवलं जाणं म्हणजे काय, ते एरवी कळायचं नाही.

१७ मार्च १८४२, गुरुवार. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपीच्या काठावरचं नॉवू गाव. लाल विटांच्या दुकानाचा जिना चढून तुम्ही वर येता. खाली दुकानाचा माल, वर मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची कचेरी आणि एक मोठी खोली. खोलीत वीस बायका जमल्यात. निमित्त साधंच आहे. गावात देऊळ बांधायचं काम चालू आहे आणि मजुरांच्या अंगावर धड सदरे नाहीत. सारा किंबॉल कापड देईन म्हणाली, तिच्याकडची शिवणकाम करणारी बाई शिवून देईन म्हणाली, आणि तेवढ्यावरून मंडळ काढायचं ठरलं. एलायझा स्नोने घटनाही लिहिली. जोसेफने ती वाचली, वाखाणली आणि सांगितलं, यापेक्षा मोठं काहीतरी तुमच्यासाठी आहे.

नावावरून थोडी खडाजंगी होते. जोसेफचा सहकारी जॉन टेलर याला ‘बेनेव्हलंट’ हवं आहे. जोसेफची बायको एमा ‘रिलीफ’ सोडायला तयार नाही. ती म्हणते, आपण काहीतरी असामान्य करणार आहोत. मॉर्मनांनी भरलेली बोट नदीच्या खळाळात अडकली तर ती हाक आपल्यासाठी आहे असं आपण समजू. एमाचं म्हणणं टिकतं. ‘रिलीफ सोसायटी’ची अध्यक्षही तीच होते. जोसेफ निधीसाठी पाच डॉलरचं सोन्याचं नाणं देतो. नाणं टेबलावर ठेवलं जाताना तुम्ही बघून घ्या, कारण या मंडळाच्या पैशांचं पुढे काय होतं तेही बघायचं आहे.

पुढे जाण्यापूर्वी या पंथाची एक रीत सांगायला हवी. इथे मठात शिकून आलेला, पगारी पाद्री नसतो. देवाच्या नावाने कार्य करण्याचा अधिकार, म्हणजे प्रीस्टहुड, घरोघरच्या पुरुषांना हात ठेवून दिला जातो. आजच्या काळात बारा वर्षांचा पोरगा पांढरा सदरा आणि टाय घालून रविवारी भाकरीचे तुकडे नि पाण्याचे इवलेसे पेले फिरवतो तो याच अधिकाराने. बाकांवर बसलेली त्याची आजी जन्मभर चर्चसाठी राबली असेल, पण ते ताट भरून वाटायचं काम तिचं नव्हे.

आता २८ एप्रिल १८४२, तीच खोली. काही बायका आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात अशी कुरकुर गावात चालली आहे. जोसेफ म्हणतो, त्यात पाप ते काय, तोंडावर पाणी मारण्याइतकंही नाही. आणि मग तो म्हणतो की देवाच्या नावाने मी किल्ली तुमच्याकडे फिरवतो. एलायझाच्या खांद्यावरून डोकवा. ती भरभर टिपून घेते आहे. वाक्य वहीत आलं आहे, स्वच्छ.

या वाक्याने बायकांना पुरुषांइतकंच पद मिळालं असं मला वाटत नाही. जोसेफच्या मनात नेमकं काय होतं ते सव्वादोन वर्षांतच त्याच्याबरोबर गेलं. २७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला मारलं. पण पुढे उरलं त्याच्यापेक्षा बरंच जास्त त्याला द्यायचं होतं, हे ती वही वाचणाऱ्याला नाकारता येणार नाही.

त्याच्या मृत्यूआधीच मंडळ थांबलं होतं. सभासद तेराशेच्या वर गेल्या होत्या आणि एमा त्याच व्यासपीठावरून बहुपत्नीत्वाविरुद्ध बोलायला लागली होती. (त्या वेळी एलायझा गुपचूप जोसेफचीच बायको झालेली होती. त्या खोलीतल्या नजरानजरेचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.) १८४५ मध्ये जोसेफनंतर नेता झालेल्या ब्रिगम यंगने मंडळाचं दार लावूनच टाकलं. एमा नॉवूतच राहिली. एलायझा पश्चिमेला निघाली आणि वही तिच्याबरोबर युटापर्यंत गेली.

१८५५, सॉल्ट लेक सिटी. चर्चच्या इतिहास कचेरीत जोसेफची भाषणं छापण्यासाठी नीट करून घेणं चालू आहे. तुम्ही टेबलाशी उभ्या आहात. २८ एप्रिलचं वाक्य येतं आणि छापील मजकुरात ते जरासं बदलतं. ‘तुमच्याकडे’ जाऊन ‘तुमच्या वतीने’ येतं. किल्ली आता फिरवणाऱ्याच्याच हातात राहिली. कोणी ओरडत नाही, कारण ओरडायला तिथे कोणी नाही. पुढची अनेक दशकं मॉर्मनांनी वाचली ती छापील प्रत. वहीतल्या नोंदी चर्चने एकविसाव्या शतकात मूळ रूपात प्रसिद्ध केल्या.

तरी बायकांचे हात थांबले नव्हते. १८६८ पासून एलायझाने मंडळ पुन्हा उभं केलं. त्या काळातल्या युटातल्या एखाद्या घरात शिरा. बाळंतपण जवळ आलेली मुलगी पलंगावर आहे, भोवती शेजारच्या जाणत्या बायका. एकीच्या हातात ऑलिव्ह तेलाची बाटली. त्या मुलीचं अंग धुतात, मग पाठीला, पोटाला, कंबरेला तेल लावत एकेका अवयवाचं नाव घेऊन आशीर्वाद देतात. मूल सरळ यावं, आईला दूध यावं. पुरुष बाहेर. इथे कोणी कोणाला अधिकार विचारत नाही. तुमच्याही हातावर तेल ओततात.

हेही गेलं. बंदी घालून गेलं नाही, सल्ल्यासल्ल्याने गेलं. जुलै १९४६ मध्ये चर्चचे वरिष्ठ नेते जोसेफ फील्डिंग स्मिथ यांनी मंडळाच्या अध्यक्ष बेल स्पॅफर्ड यांना लिहिलं की त्यापेक्षा एल्डरांना, म्हणजे प्रीस्टहुड असलेल्या पुरुषांना, बोलावणं बरं. अशा गोड पत्राशी भांडायचं तरी कसं? १९७० मध्ये मंडळाचा स्वतंत्र पैसा आणि मासिकही गेलं. पाच डॉलरचा हिशेब तिथे मिटला.

मग ८ जून १९७८. कृष्णवर्णीय पुरुषांवरची बंदी उठते, सर्व पात्र पुरुषांना प्रीस्टहुड. अनेक बायकांनी ती बातमी आनंदाने वाचली, आणि काहींची नजर ‘पुरुषांना’पाशी थबकली. पुढच्याच वर्षी, समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी जाहीर लढणाऱ्या सोनिया जॉन्सन यांना व्हर्जिनियात बहिष्कृत केलं गेलं.

एक छोटं वळण घेऊन मिसुरीतल्या इंडिपेंडन्सला जाऊ. एमाबरोबर मागे राहिलेल्यांतून तिच्या मुलाच्या नेतृत्वाखाली उभं राहिलेलं चर्च इथे आहे. आज त्याला कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट म्हणतात. एप्रिल १९८४ मध्ये त्यांचे अध्यक्ष वॉलेस बी. स्मिथ, म्हणजे एमाचेच पणतू, दैवी संदेश म्हणून दस्तऐवज मांडतात: बायकांना दीक्षा द्यावी. परिषद मत देते, मंजूर करते. १७ नोव्हेंबर १९८५ ला पहिल्या बायकांना दीक्षा मिळाली. मंडळी दुभंगली, कित्येक जण वेगळे झाले. फुकट काही झालं नाही. २०२५ मध्ये त्या चर्चच्या सर्वोच्च पदावर स्टासी क्रॅम बसल्या.

आणि आता ५ ऑक्टोबर २०१३, सॉल्ट लेक सिटी, टेम्पल स्क्वेअर. तुम्ही टॅबरनॅकल या सभागृहाच्या दाराशी रांगेत आहात, सुमारे दोनशे जणींमधली एक. सगळ्या रविवारच्या कपड्यांत. घोषणा नाही, फलक तर नाहीच; चालत आलात. त्याच वर्षी १७ मार्चला, रिलीफ सोसायटीच्या वाढदिवशी, वकील केट केली यांनी ‘ऑर्डेन विमेन’ सुरू केलं होतं. आज पुरुषांची प्रीस्टहुड सभा आहे आणि तुम्हाला आत बसायचं आहे. चर्चने सभा पहिल्यांदाच सगळ्यांसाठी थेट प्रक्षेपित केली आहे, म्हणजे घरी बसून बघता आली असती. हे कोणी तरी तुम्हाला सांगणारच.

बाजूने बाप आणि मुलगे जातात. काही नजर टाळतात, काही हसून मान हलवतात. दारात चर्चच्या प्रवक्त्या रूथ टॉड उभ्या आहेत, सभ्य आणि ठाम. नकार द्यायला बाईच ठेवली आहे. एकेक जण पुढे होऊन विचारते, मला आत जाता येईल का? एकेकीला तेच उत्तर. तुमची पाळी येते. तुमच्या मागून एक पोरगा सुळकन आत जातो.

पण रांगेबाहेरच्या बायकांकडेही बघा. २०११ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या मॉर्मनांना विचारलं होतं. बायकांच्या दीक्षेला नाही म्हणणारे पुरुषांत ८४ टक्के, बायकांत ९०. त्यांना भोळ्या म्हणून बाजूला सारणं सोपं आहे आणि चूक आहे. कित्येकींना वाटतं, चर्च आधीच त्यांच्या श्रमांवर चालतं, त्यात आणखी एक ओझं कशाला. काहींची श्रद्धाच तशी आहे.

एप्रिल २०१४ मध्ये पुन्हा रांग लागली, या वेळी गारा पडत होत्या. आत चर्चचे वरिष्ठ नेते डॅलिन ओक्स म्हणाले की बायका चर्चने सोपवलेलं काम करतात तेव्हा तोही प्रीस्टहुडचाच अधिकार असतो, पदं मात्र पुरुषांचीच आणि ते बदलणं आमच्या हाती नाही. अधिकार आहे, पद नाही. जूनमध्ये केट केली यांना ईमेल आला: बहिष्कृत. आता त्यांना चर्चमध्ये प्रार्थना म्हणता येणार नव्हती, दशांश देता येणार नव्हता.

शेवटचा थांबा, ऑक्टोबर २०१९ नंतरचा कुठलाही. आठ वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे. हौदाशी दोन साक्षीदार लागतात. शब्द चुकले नाहीत ना आणि मूल पुरतं बुडालं ना, एवढंच बघायचं. ऑक्टोबर २०१९ पर्यंत ते काम प्रीस्टहुड असलेल्या पुरुषांचं होतं, आता बाप्तिस्मा झालेल्या कोणालाही ते करता येतं. तुम्ही कठड्याशी उभ्या राहता. पाण्यात मुलाचा सोळा वर्षांचा भाऊ, हात उंचावलेला, शब्द पाठ. तो धाकट्याला बुडवतो. पायाचा अंगठा वर राहतो. तुम्ही म्हणता, परत. आणि त्याला परत करावं लागतं.