पाच साखळ्यांचा एक इंच

भंडारा जिल्ह्याचा इतिहास सांगावयास निघालेला मनुष्य बहुधा पवनीच्या स्तूपापासून किंवा अंबागडच्या किल्ल्यापासून प्रारंभ करतो. आम्ही आज एका कागदापासून करणार आहोत. तो कागद म्हणजे गावचा नकाशा. तो काढावयास आणि वाचावयास येथे कोणाला शिकविले गेले आणि कोणाला नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

नागपूरचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण केला. पहिल्या बंदोबस्ताने मालगुजार जमिनीचे मालक ठरले. पुढे १८८० नंतरच्या बंदोबस्तात शेतवार मोजणी नव्याने झाली, तेव्हा सरकारी मोजणीपथकांनी गावाच्या सीमेवरचे बिंदू तेवढे पक्के करून द्यावेत आणि आतील शेते पटवाऱ्याने भरावीत, अशी वाटणी झाली. त्यामुळे खेड्यातल्या एका कारकुनाला साखळी, काटकोन आणि प्रमाण या तिन्ही गोष्टी शिकणे भाग पडले. आमच्या मते या मुलखातील प्रमाणबद्ध रेखनाचे पहिले मोठे शिक्षण हेच होय. शाळेतील चित्रकलेचा तास पुष्कळ नंतरचा.

साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने ती १६२० च्या सुमारास योजिली. तिची खुबी अशी की, एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब जमीन म्हणजे बरोबर एक एकर. अपूर्णांकाची कटकट नाही. नकाशा मैलास सोळा इंचांचा. मैलात ८० साखळ्या, तेव्हा कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरच्या पाच साखळ्या, ३३० फूट. येथपर्यंत नुसते त्रैराशिक आहे. खरी अडचण क्षेत्राशी येते. एका चौरस इंचात पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस चौरस साखळ्या, अर्थात अडीच एकर. आता वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडात जा. तेथे मुंबईकडची पद्धत, गुंठ्यांचा हिशेब आणि मैलास आठ इंचांचा नकाशा. तेच अडीच एकरांचे चौरस शेत तेथे अर्ध्या इंचाच्या बाजूचे होते आणि कागदावर जागा व्यापते ती पाव चौरस इंच. प्रमाण निम्मे केले की क्षेत्र निम्मे होत नाही, चौथाई होते. हे विद्यार्थ्याला तोंडी सांगून कळत नाही. दोन्ही चौकोन त्याच्याकडून काढून घेतले आणि एकावर एक ठेवविले, म्हणजे कळते.

आणि भाताच्या मुलखाला सोळा इंचही अपुरेच. तेहतीस फूट रुंदीची बांधी त्या नकाशावर इंचाचा एक दशांश होते. पेन्सिलीची रेघ इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकी जाड झाली, तर तिच्याखाली साडेसहा फूट जमीन गडप होते. धुरा आणि धुऱ्यावर आडवा निजलेला माणूस, दोघेही! धुऱ्याची कितीतरी भांडणे पेन्सिलीला टोक नसल्यामुळे झाली असतील, असे आम्हांस वाटते.

नकाशा आला तेव्हाच येथे मापन आले, असे मात्र कोणी समजू नये. नवेगाव बांधासारखे तलाव (१९९९ पासून हा भाग गोंदिया जिल्ह्यात मोडतो) कोहळी लोकांनी बांधले, ते इंग्रजी साखळी येण्याच्या कितीतरी आधी. पाळ कोठे घालावी, तुडूम किती खाली ठेवावे, सलंग कोठून काढावा, हे सारे उताराचे गणित आहे. ते त्यांना येत होते. बंदोबस्ताचा नकाशा मात्र सारावसुलीसाठी काढलेला. त्यात हद्द दिसते, चढउतार दिसत नाही. पटवाऱ्याला क्षेत्र शिकविले, उतार शिकविला नाही. कोहळ्याला उतार ठाऊक, पण तो कागदावर मांडावयास त्याला कोणी शिकविले नाही. ह्या दोन विद्या एकाच पाळीवर उभ्या राहून एकमेकींना भेटल्या नाहीत, ही आमच्या मते जिल्ह्याची मोठी हानी.

ती १९५१ नंतर जाणवली. त्या वर्षी ३१ मार्चपासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. लोक त्यांना आज माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. गाळ साचला, बुडीत जमिनीत नांगर शिरला. तलावाची कड पूर्वी कोठवर होती हे गावाला सांगावयाचे झाले, तर जुना नकाशा उघडावा लागतो, आणि येथे नवीच मेख आहे. जुना नकाशा ३९६० पटींचा. मेट्रिक मापांबरोबर आलेली पट्टी ४००० पटींची. एकीचे माप दुसऱ्यावर लावले, तर लांबीत शंभरास एक आणि क्षेत्रात शंभरास दोन इतकी चूक पडते. पाच एकरांमागे चार गुंठे! शिवाय नकाशाची छायाप्रत लहानमोठी झाली की कोपऱ्यातील 'मैलास सोळा इंच' हे अक्षर खोटे ठरते. रेघेने काढलेले प्रमाण असेल तर तेवढे कागदाबरोबर ताणते आणि खरे राहते.

म्हणून आमच्या शाळांतून वर्गाच्या खोलीचा आराखडा काढून थांबू नये. मुलांना तलावावर न्यावे. आधी पाळ मोजून तिची आकृती काढावी. मग तुडुमापासून पहिल्या बांधीपर्यंत पाण्याची नळी घेऊन उतार मोजावा आणि त्याच कागदाच्या खालच्या अंगास तो छेद उतरावा. लांबीचे प्रमाण एक, उंचीचे दुसरे घ्यावे लागेल. दोन्ही एकच ठेवली, तर भंडाऱ्याच्या सपाट शेतातला उतार कागदावर दिसावयाचाच नाही.