कराटे : व्यायामही, स्वसंरक्षणही, पण कितपत?

शाळेच्या पटांगणात किंवा सोसायटीच्या सभागृहात पांढऱ्या गणवेशातील मुले रांगेत उभी राहून ठोसे आणि लाथांचा सराव करीत आहेत, हे दृश्य शहरांमध्ये आता नवे राहिलेले नाही. मुलांना सोडायला येणाऱ्या काही पालकांनाही आपण त्या रांगेत उभे राहावे असे वाटू लागते. वजन आटोक्यात यावे आणि वेळप्रसंगी स्वतःचे रक्षण करता यावे, असे दोन हेतू त्यामागे असतात. कराटेमुळे हे दोन्ही हेतू कितपत साध्य होतात, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

ओकिनावा ते टोकियो

कराटेचा उगम जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर झाला. चीनशी चालणाऱ्या व्यापारातून आलेल्या युद्धकलांचा तेथील 'ते', म्हणजे 'हात', या स्थानिक विद्येशी संगम झाला. शुरी, नाहा आणि तोमारी या गावांच्या परिसरात तिच्या वेगवेगळ्या परंपरा वाढल्या. गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) या शिक्षकाने १९२२मध्ये टोकियोत तिचे प्रात्यक्षिक दाखविले आणि त्यानंतर ती जपानभर पसरली. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनीही फुनाकोशी यांना आपल्या कोदोकान या संस्थेत पाचारण केले होते. पांढरा गणवेश आणि पट्ट्यांची श्रेणी या दोन्ही गोष्टी कराटेने ज्युदोकडून घेतल्या. पूर्वी 'चिनी हात' या अर्थाच्या चिन्हांनी लिहिला जाणारा 'कराटे' हा शब्द १९३०च्या दशकात 'रिकामा हात' या अर्थाने रूढ झाला.

शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू आणि वादो-र्‍यू या कराटेच्या चार प्रमुख शैली मानल्या जातात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली कराटेचा प्रथमच समावेश झाला. मात्र २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ नव्हता.

शरीराला काय मिळते?

कराटेच्या शिक्षणाची तीन अंगे आहेत. 'किहोन' म्हणजे ठोसे, लाथा आणि बचाव यांचा मूलभूत सराव. 'काता' म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठरावीक क्रमाने केलेल्या हालचालींची मालिका. 'कुमिते' म्हणजे जोडीदाराबरोबरची प्रत्यक्ष लढत. घोड्यावर स्वार झाल्याप्रमाणे गुडघे वाकवून उभे राहण्याच्या 'किबा-दाची'मुळे मांड्या आणि कंबर बळकट होते. लाथांच्या सरावाने नितंबाच्या सांध्यांची लवचिकता आणि शरीराचा तोल सुधारतो. कुमितेतील वेगवान हालचालींनी हृदय व फुफ्फुसांना चांगला व्यायाम घडतो, तर कातामुळे एकाग्रता आणि स्मरणशक्ती यांचा कस लागतो.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोमदार व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये सुचविले आहे. एकेका तासाचे तीन वर्ग नियमित केल्यास यातील बराचसा वाटा पूर्ण होतो. आहाराकडे लक्ष न देता केवळ वर्गाला जाऊन वजन मात्र उतरत नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी आणि अनेक वर्षे व्यायामाची सवय नसलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी.

स्वसंरक्षणाची मर्यादा

वर्गातील जोडीदार नियमांनी बांधलेला असतो. रस्त्यावरच्या हल्लेखोराला नियम नसतात. त्याच्याजवळ शस्त्र असू शकते आणि तो एकटाच असेल असेही नाही. त्यामुळे काही महिन्यांच्या शिक्षणाने येणारा फाजील आत्मविश्वास अज्ञानापेक्षाही घातक ठरू शकतो. परिसराचे भान राखणे, अंतर ठेवणे, मोठ्याने ओरडणे, पहिल्या संधीला तेथून निसटणे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागणे, हेच स्वसंरक्षणाचे खरे पहिले धडे होत. सोनसाखळी किंवा मोबाइल हिसकावणाऱ्याशी झुंजण्यापेक्षा वस्तू सोडून देणे शहाणपणाचे. हात उचलण्याची वेळ आलीच, तर सराव नसलेल्या व्यक्तीने मुठीऐवजी तळहाताच्या मनगटाजवळील भागाचा वापर करावा. चुकीच्या रीतीने मारलेल्या ठोशाने करंगळीमागचे हाड मोडण्याची शक्यता असते.

कायद्याची चौकटही ध्यानात ठेवायला हवी. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. परंतु संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा कलम ३७ देत नाही. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याला गाठून मारणे हे स्वसंरक्षणात मोडत नाही. कराटेत पहिला वार आपला नसतो, ही फुनाकोशी यांची शिकवणही याच्याशी सुसंगतच आहे.

वर्ग कसा निवडावा?

प्रवेशापूर्वी एक-दोन वर्ग बसून पाहावेत. प्रशिक्षक शरीर तापविण्याच्या व्यायामाला पुरेसा वेळ देतात का, लढतीच्या वेळी दातांचे रक्षक आणि हातमोजे वापरले जातात का, जमीन घसरडी तर नाही ना, प्रथमोपचाराची सोय आहे का, याची खात्री करावी. पट्ट्यांसाठी जगभर एकच सर्वमान्य कसोटी नाही. त्यामुळे अमुक महिन्यांत काळा पट्टा मिळवून देण्याची हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे. प्रामाणिक सरावाने तिथवर पोहोचण्यास सहसा काही वर्षे लागतात आणि 'शोदान' या काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीचा अर्थही 'प्रारंभीची श्रेणी' असाच आहे. परीक्षा आणि गणवेश यांचा एकूण खर्च आधीच विचारून घ्यावा. मुलांच्या वर्गात पालकांना बसू दिले जात नसेल, तर तो वर्ग टाळावा.

कराटे शिकलेली व्यक्ती अजिंक्य होत नाही. नियमित सरावाने तिचा श्वास टिकतो, पाय स्थिर राहतात आणि धक्का बसल्यावर गोंधळून न जाण्याची सवय जडते. संकटाच्या पहिल्या काही क्षणांत माणसाला याच गोष्टींचा आधार असतो आणि संकट कधीच आले नाही, तरी कमावलेले आरोग्य वाया जात नाही.