होमाईबाईंचा कॅमेरा

आमच्या बारडोलीहून नवसारी म्हणजे हाकेच्या अंतरावर. लग्नाच्या खरेदीला, सोयऱ्यांकडे आम्ही बायका कितीदा तिथं जाऊन येतो! पण होमाई व्यारावाला तिथल्याच, हे मला फार उशिरा कळलं. जन्म 9 डिसेंबर 1913. भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार.

वडील नाटक कंपनीत, त्यामुळे लहानपण फिरतीचं. मग मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावालांनी, पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. बायकांच्या सहलीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’नं छापले तेव्हा दर फोटोला एक रुपया मिळाला. पण भगिनींनो, सुरुवातीचे कितीतरी फोटो छापले गेले ते नवऱ्याच्या नावानं! मेहनत बाईंची, नाव माणेकशांचं.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युद्धकाळातली मुंबई टिपली. त्याच युद्धात तिकडे युरोपात ली मिलर होती. 1927 साली अमेरिकेतल्या ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर झळकलेली मॉडेल; पुढे पॅरिसला जाऊन स्वतःच कॅमेरा धरला, आणि ब्रिटिश ‘व्होग’ची वार्ताहर म्हणून थेट आघाडीवर गेली. एप्रिल 1945 मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिनं जे पाहिलं, त्याचे फोटो फॅशनच्याच मासिकात आले. घरी मात्र ती त्याबद्दल बोलायची नाही. 1977 ला ती वारली, नंतर माळ्यावर खोकी सापडली, तेव्हा कुठे मुलाला आपली आई कळली.

होमाईबाई 1942 ला दिल्लीत गेल्या. साडी नेसून, सायकलवर, जड कॅमेरा घेऊन. फाळणीच्या ठरावावर हात वर करणारे पुढारी, गांधीजींची अंत्ययात्रा, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. पती गेल्यावर 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा ठेवून दिला तो कायमचा. पुढे वडोदऱ्यात राहिल्या, घरची कामं स्वतः करत. पद्मविभूषण मिळालं 2011 मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी! पुढच्याच जानेवारीत त्या गेल्या.

हे वाचून मी आमचा जुना अल्बम काढला. पालिताण्याच्या यात्रेचे फोटो. सासूबाई, दीर, जावा, मुलं, सगळे आहेत. नणंदबाई एकाही फोटोत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता. मी एकेक फोटो उलटा केला आणि मागे पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहिलं.